चंद्रकलाबाईचं नाक

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मी साबणांची टोपली मांडून बसले की अजूनही एखादी बाई येते, वडी उचलते, नाकाशी धरते आणि विचारते, “चंद्राबाईचा साबण हाय का हा?”

वडीच्या कागदावर माझं नाव छापलेलं आहे. खाली हट्टा, तालुका वसमत, असा पत्ता आहे. बचत गट मी काढला, साचे मी आणले, नांदेडला जाऊन प्रशिक्षण मी घेतलं, कॉस्टिक सोड्यानं पहिला हात भाजला तोही माझाच. बाई कागदाकडे बघतसुद्धा नाही. तिला चंद्राबाईचा हवा असतो. मी म्हणते, “व्हय, तोच.” आणि पिशवीत घालून देते. धंदा आहे, तोंड वाकडं करून चालत नाही. पण त्या दिवशी घरी गेल्यावर माझं जेवणात लक्ष लागत नाही, हे खरं.

चंद्रकला आमच्या गटात होती तोवर मी तिच्यावर जळत होते. आडवळणानं कशाला सांगू? माझ्या नवऱ्याचं बाहेर काही असतं तरी मी इतकी जळले नसते, कारण त्याचा बंदोबस्त करता आला असता. हिच्या नाकाचा काय बंदोबस्त करणार?

मला एकच गोष्ट हवी होती. आमच्या साबणाचा वास माझा असावा. हा वास कोणी बसवला असं कोणी विचारलं तर शोभाताईनं, असं सगळ्यांनी म्हणावं. तेल तापवणं, कॉस्टिकचं पाणी करणं, वड्या कापणं ही कामं शिकवली की कुणालाही येतात. साबणाची खरी करामत वासात असते. गिऱ्हाईक फेस नंतर बघतं, आधी हुंगतं. ती जागा माझी होती आणि ही बाई येईपर्यंत तिच्याकडे कोणी नजर वर करून बघितलं नव्हतं.

आता आली कशी ते सांगते. हट्ट्यातल्याच एका घरची ती सून. लग्न झाल्यापासून हैदराबादला होती. नवरा तिथं टेम्पो चालवायचा आणि ही एका अत्तराच्या दुकानात मागच्या बाजूला शिश्या भरायला जायची. नवऱ्याचं काम सुटलं, दोघं गावी परत आले आणि आमच्या गटातली सगळ्यांत म्हातारी बाई, गयाबाई, तिला एका दुपारी माझ्या ओसरीवर घेऊन आली. “हिला कायतरी काम द्या. लई बोलती, पन हाताला चांगली हाय.”

दिसायला उंच, काळीसावळी, कपाळावर भलं मोठं कुंकू. नाक मात्र अगदीच साधं, बसकं. पुढे सगळ्या तालुक्यात ज्या नाकाचा बोभाटा होणार होता, ते असं असेल असं कोणाला वाटलंच नसतं. मी तिला कौतुकानं माझा गुलाबाचा साबण दाखवला. तेव्हा तो आमचा सगळ्यांत चालणारा माल होता. तिनं वडी नाकाशी नेली, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, “ताई, राग नका येऊ देऊ. यात गुलाब न्हाई. गुलाबाचा फोटो हाय.”

गयाबाई फिसकन हसली. मी विचारलं, “म्हणजे काय?”

“फोटो चांगला हाय, पन फोटोच. खरा गुलाब निस्ता गोड नसतो. सकाळच्याला तोडला तर देठाचा हिरवा वास येतो, जराशी मिरी येती. यात समदं गोडच गोड. शादीतल्या शरबतावानी.”

माझ्याच ओसरीवर, माझ्याच चहाची कपबशी हातात धरून हे बोलणं. त्याच आठवड्यात तिनं माझ्याच बाटलीतल्या गुलाबाच्या सेंटमध्ये थोडं वाळ्याचं तेल घातलं, काडीच्या टोकाला लागेल एवढं मिरीचं तेल घातलं आणि एक लहानसा घाणा करून दाखवला. वडी सुकली तेव्हा गयाबाईनं ती हुंगली. तिला माहेरच्या परड्यातलं गुलाबाचं झाड आठवलं आणि तिचे डोळे भरून आले. माझ्या साबणानं आजवर कोणाच्या डोळ्यांत पाणी आणलं असेल तर ते फेस गेल्यामुळे.

तेव्हापासून वासाच्या बाटल्यांची पेटी तिच्या हाताशी गेली. मी दिली नाही. कोणी मागितलीही नाही. ती माझ्या मांडीपाशी असायची, ती हळूहळू तिच्या मांडीपाशी दिसायला लागली.

तिच्या कामाच्या पद्धती मला तेव्हा नाटकी वाटायच्या. लग्नपत्रिका आल्या की ती त्यांच्या कोऱ्या कडा कात्रीनं कापून पट्ट्या करायची. पट्टीचं टोक तेलात बुडवायचं आणि ती आमच्या खिडकीच्या गजांना खोचून ठेवायची. सकाळी हुंगायची, दुपारी हुंगायची, संध्याकाळी परत. कोणी सकाळीच विचारलं कसा आहे, तर म्हणायची, “सकाळचा वास खोटं बोलतो. त्याला दिवसभर बसू द्या.” लगीनसराईत आमच्या खिडकीत इतक्या पट्ट्या फडफडायच्या की माझा नवरा म्हणायचा, घरात लग्न निघालंय आणि मलाच निमंत्रण नाही. दोन-तीन वास घेऊन झाले की ती हात वाकवून आपल्याच कोपराच्या वळीत नाक खुपसायची. आपल्या अंगाचा वास घेतला की नाक परत कोरं होतं म्हणे. नवीन माणसं आली की त्यांना वाटायचं ही बाई शिंकतेय.

वासांना ती नात्यांची नावं द्यायची. लिंबू, संत्री, गवती चहा हे पाहुणे. आले की घरभर बोलबाला आणि चहा संपायच्या आत निघून जायचे. गुलाब, मोगरा, जिरेनियम या सुना. दिवसभर राबणाऱ्या. आणि नागरमोथा, वाळा, चंदन या सासवा. “पाव्हना जातो, सून राबती, सासू काही जागची हलत न्हाई. तिन्ही असले तर घर. एक नसली तर धर्मशाळा.” हे ती इतकं ठासून सांगायची की गटातल्या बायका पुढं पुढं माल बघताना एकमेकींना विचारायच्या, “सासू घातली का गं?” प्रशिक्षणात मला हीच गोष्ट फळ्यावर काढून शिकवली होती, मी तीच या बायकांना दोनदा समजावून सांगितली होती. तेव्हा एकीलाही कळली नव्हती.

ती काही साधीभोळी बाई नव्हती, हेही सांगायला पाहिजे. उशिरा यायची. दुसऱ्याच्या डब्यात हात घालायची. बढाया तर अशा मारायची की ऐकत राहावं. “हैदराबादचे सेठ मला इचारल्याबगर शिशीला बूच लावत नव्हते.” मी म्हटलं, “मग तू हट्ट्याला काहून आलीस?” तर म्हणाली, “सेठच्या अंगाला लई वास येत होता.” उलट उत्तर तयारच. आणि माणूस समोर आलं की आधी हुंगणार. मला म्हणायची, “ताई, आज भांडून आल्या ना घरी? फोडणी करपल्याचा वास येऊन राहिला पदराला.” भांडले होते, आणि फोडणीही करपली होती. अशा बाईला घरात येऊ देणं म्हणजे तकलीफच.

एका हिवाळ्यात मी ओठांना लावायचं मेण करायचं ठरवलं. मधमाशीचं मेण, खोबरेल आणि वरून स्ट्रॉबेरीचा अर्क. ओठाला लागतं ते पोटात जातं, म्हणून त्यात साबणाचा सेंट चालत नाही, खाण्याचाच अर्क लागतो, हे मला पक्कं माहीत होतं. मी नांदेडहून तोच आणला होता. चव यावी म्हणून थोडं गोडही घातलं. डब्या गावात वाटल्या. पोरांनी त्या अक्षरशः चाटून खाल्ल्या आणि आठवड्याभरात सगळ्यांचे ओठ आधीपेक्षा जास्त फुटले. चंद्रकला म्हणाली, “ताई, अर्क बराबर हाय तुमचा. पन गोड काहून घातलं? लेकरू लावतं थोडंच, जिबलीनं पुसून घेतं. वास द्या, चव देऊ नका.” तिनं वेलदोडा घातला आणि गोड काढून टाकलं. पोरं दोन दिवस रुसली आणि मग मुकाट्यानं ओठांना लावायला लागली. पुढच्या बाजाराला जाताना नवऱ्याच्या खिशात मला एक डबी सापडली. एवढी वर्षं या माणसानं माझा कुठलाही माल स्वतःहून हातात घेतला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, “हे बरं हाय गं. वास येतो, पन बायकी न्हाई.” मी चार दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले. त्याला का ते कळलं नाही.

मग आली दिवाळी. चंद्रकलाचा भाऊ कनेरगाव नाक्याला धाबा चालवतो, वाशीमच्या रस्त्यावर. ती दिवाळीच्या आधी त्याच्याकडे गेली होती. मला वाटलं, हीच वेळ. ती येईपर्यंत दिवाळीचा खास वास माझा मी बसवणार. लवंग आणि दालचिनीचं तेल मी मागवून ठेवलंच होतं. मोठ्या पातेल्यात घाणा घातला, पिठल्याइतका घट्ट झाला तेव्हा तेलं ओतली आणि ढवळायला लागले. ढवळणी दोन वेढे फिरली आणि तिथंच उभी राहिली. सोडली तरी पडेना. साच्यात ओतायला गेले तर पातेलं उपडं करूनही काही पडेना. लवंगेचं तेल पडलं की साबण जागच्या जागी आळतो, हे मला कळलं ते असं.

बायका पातेल्याभोवती उभ्या आणि मी मध्ये. तेवढ्यात फाटकातून आवाज आला, “लवंग घातली का कुनी?”

पिशवी अजून तिच्या खांद्यावरच होती. ती आत आली, पातेलं बघितलं. हातमोजे चढवले, पळीनं गोळे काढले आणि लाडू वळायला लागली. “बसा गं समद्या. दिवाळी हाय ना? मंग लाडू करा.” आम्ही सगळ्याजणी रांगेनं बसून साबणाचे लाडू वळले. ते सुकवून विकले आणि त्या लाडवांना अशी मागणी आली की पुढच्या दिवाळीला लोकांनी आधीपासून सांगून ठेवलं. लाडवाची कल्पना कोणाची, तर चंद्राबाईची. लवंग कोणी घातली, हे मात्र सगळ्या गावाला पाठ आहे.

एका बाबतीत मात्र मी बरोबर होते, आणि ते मी ठणकावून सांगते. नवीन तेल आलं की ती ते आधी स्वतःच्या अंगावर लावून बघायची. हात उलटा करायचा, कोपराच्या आतल्या मऊ जागी थेंब चोळायचा. नुसतं तेल. खोबरेलात पातळसुद्धा न करता. मी म्हटलं, “चंद्रकला, असं नुसतं लावायचं नसतं. अंगाला बाधतं.” चारजणींच्या समोर म्हटलं. ती हसली. “लोकांच्या लेकराच्या अंगाला लावायचं, तर आदी आपल्या अंगाला नको? काय व्हायचं ते माझ्या हाताला होईल.” बायकांना ते फार आवडलं. मी पुस्तकी ठरले आणि ती मोठ्या मनाची.

त्यानंतरच्या हंगामात हिंगोलीला बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं. हळद पिकवणाऱ्या हट्ट्याहून जायचं आणि हळदीचा साबण न्यायचा नाही, हे कसं चालेल, असं मीच म्हणाले. घरची हळद, घरी दळलेली. तेलात मिसळली तेव्हा पातेल्यात सोनं दिसत होतं. कॉस्टिकचं पाणी पडलं आणि बघता बघता सगळं लालभडक झालं. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे आमच्यातल्या प्रत्येकीनं लहानपणापासून बघितलेलं. पण साबण करताना ते एकीच्याही डोक्यात आलं नाही. चंद्रकलाच्याही आलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

गयाबाईनं कपाळावर हात मारला. “अगं बाई, आपुन तर कुंकू शिजवलं की!”

चंद्रकला हसत हसत भिंतीला टेकून खालीच बसली. साबण म्हणून माल उत्तम होता, पण घेईना कोणी. कुंकवाच्या रंगाची वडी पायाला कशी लावायची? गयाबाई म्हणाली, “पायाचं सोडा, न्हाणीत फेस सांडतो, त्याच्यावर पाय पडतो. मी न्हाई बाई.” घरोघरी हेच उत्तर. वड्यांची चळत माझ्या ओसरीवर तशीच पडून राहिली आणि त्यांना हळदीचा वाससुद्धा राहिला नव्हता.

“हळदीचा वास हळकुंडात न्हाईच ताई,” चंद्रकला एका सकाळी म्हणाली, “पानात हाय.”

काढणीच्या आधी शेतात हळदीची पानं कापून टाकतात. बांधाला त्यांचे ढीग कुजत पडतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तिनं ती हिरवी असतानाच पोती भरभरून आणली. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी आणली, ती कुकरच्या शिट्टीच्या जागी बसवली आणि नळीचे वेढे गार पाण्याच्या बादलीत सोडले. पानं शिजत राहिली, वाफ नळीतून थेंब थेंब गळत राहिली. पोतंभर पानांतून बाटलीचं बूड जेमतेम भिजेल एवढं तेल निघालं. पाण्यावर तरंगलेलं ते तेल तिनं बिनसुईच्या सिरिंजनं ओढून घेतलं आणि पट्टी माझ्या हातात दिली. मी हुंगली. ओल्या शेतात वाकून पानं कापताना येतो तोच वास, गार आणि जरासा तिखट. असं काही मला का सुचलं नाही म्हणून माझा जीव चडफडला. माझं सगळं आयुष्य त्या शेतांत गेलं होतं. ती तर हैदराबादहून आलेली.

हा वास साबणात बसवायचा आणि प्रदर्शनाला पांढरी वडी घेऊन जायचं, असं ठरलं. आणि तेवढ्यात तिचे हात बिघडले.

सुरुवात कोपराच्या वळीपासून झाली. लाल चट्टे, मग फोड, मग सगळ्या हातांना खाज. झोप लागेना. परभणीच्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि सांगितलं की अंग या तेलांवर रुसलंय, आणि एकदा रुसलं की परत माघार घेत नाही. लवंग, दालचिनी, जिरेनियम, कुठलंही सेंट, एक थेंबही नको. साबणसुद्धा बिनवासाचा. स्वयंपाकपाणी करा, पण या बाटल्यांना हात लावायचा नाही. कायमचा.

ती ओसरीच्या पायरीवर बसून हे सांगत होती. आम्ही ऐकत होतो. माझ्या मनात सगळ्यांत आधी काय आलं सांगू? आलं की, आता वास माझा. मग तिच्या हातांकडे नजर गेली, आणि वाईटही वाटलं. पण आधी आलं ते तेच.

वास अजून बसलेला नव्हता आणि प्रदर्शन जवळ आलेलं. ती म्हणाली, “हात न्हाई लावायचा म्हनल्या डॉक्टरीणबाई. नाक न्हाई लावायचं असं कुठं म्हनल्या?” मग आमची एक तऱ्हा सुरू झाली. ती अंगणात वाऱ्याच्या उलट्या बाजूला बाजेवर बसायची. मी ओसरीवर वास मिसळायचे, पट्टी बुडवायचे, धुणं वाळत घालायच्या लांब काठीच्या टोकाला ती चिमट्यानं अडकवायचे आणि काठी तिच्या दिशेनं पुढे करायचे. ती मान पुढे काढून लांबूनच हुंगायची. येणारी जाणारी माणसं फाटकाशी थांबून बघायची.

“पाव्हनेच पाव्हने हायेत समदे,” ती ओरडायची. “सासू आना.”

मी नागरमोथा घालायचे. परत काठी.

“लई झाली. घर खायला उठली सासू.”

दिवसचे दिवस हे चाललं. वास मी मिसळत होते, हात माझे होते, पण मी नुसते हातच होते. काठीच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला तिचं नाक. मला राग यायचा, कारण ती दर वेळी बरोबर असायची.

एका सकाळी मी तिला न सांगता कापूरकचरीचा अर्क त्यात घातला. उटण्यात घालतो ती. का घातला ते मलाही सांगता आलं नसतं. आदल्या संध्याकाळी पट्टी हुंगताना मला वाटलं होतं की पानं आहेत पण माती नाही. काठी पुढे केली. तिनं हुंगलं. पुढे सरकून परत हुंगलं. मी जीव मुठीत धरून उभी.

“हे कुनी सांगितलं तुमाला?”

“कुनी न्हाई.”

ती बाजेवरून उठली, चपला घातल्या. “मंग मी निघते. माझं काय काम राह्यलं न्हाई इथं.”

ती रुसली की तिला आवडलं, हे मला दिवसभर कळेना. गयाबाईला विचारलं तर ती म्हणाली, “तुमी दोघी म्हंजे जावाजावा.” संध्याकाळी चंद्रकलानं नवऱ्याच्या हाती निरोप धाडला की घाणा घाला, आता त्यात काही कालवू नका.

हिंगोलीला जाताना गाडीत ती माझ्याच शेजारी बसली होती, लांब बाह्यांचं झंपर घालून, मालाच्या खोक्यांपासून दूर. प्रदर्शन संपलं की ती परस्पर भावाच्या धाब्यावर जाणार होती, कायमची. नवरा आधीच तिकडं गेला होता. धाब्यावर फोडणीचे वास चालतात, असं ती म्हणाली. मी खिडकीतून बाहेर बघत बसले आणि मनाशी एक ठरवलं. आज कोणी विचारलं की हा वास कोणाचा, तर मी तिच्याकडे बोट दाखवायचं. चारचौघांत, मोठ्यानं. ‘हिचा. पानं हिनं शोधली, तेल हिनं काढलं, मी नुसतं शेवटी थेंबभर घातलं.’ वाक्य मी मनात घोळवून घोळवून तयार केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिच्यासमोर आपण मोठ्या आहोत असं वाटत होतं.

आमच्या टेबलाशी गर्दी होती. दुपारी पुण्याहून आलेली एक दुकानदारीण थांबली. तिनं वडी हुंगली, परत हुंगली, मग डोळे वर करून आमच्याकडे बघितलं. “हे काय आहे? असं मी कुठेच घेतलेलं नाही. कोणी केलाय हा वास?”

मी तोंड उघडलं.

“या आमच्या शोभाताई,” टेबलाच्या पलीकडून, चार पावलं लांब उभी असलेली चंद्रकला म्हणाली. “समदं यांचंच हाय. मी निस्ती बाहेर बसून राह्यले होते.” गयाबाई म्हणाली, “व्हय, ताईच करत्यात.” बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या.

दुकानदारीणबाईनं माझा हात हातात घेतला. माझं नाव विचारलं, फोटो काढला, माल कधी पाठवाल ते विचारलं. मी जे वर्षानुवर्षं मागत होते ते असं टेबलावर आणून ठेवलं गेलं, आणि ते ठेवलं चंद्रकलानं. मी ‘नाही, हिचा’ असं म्हणायला तोंड परत उघडलंही. पण आता ते म्हणणं म्हणजे विनय झाला असता. खरं सांगायची माझी एक वेळ होती, तीही तिनं माझ्या आधी गाठली. मी तिच्याकडे बघितलं तर ती आपल्या बाह्या खाली ओढत दुसरीकडेच बघत होती. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईला वाटलं मला आनंद झालाय.

संध्याकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. तिची पिशवी मी धरली होती. ती वाटभर बोलतच होती, धाब्यावरच्या मसाल्यात काय खोट आहे, भावाला कसं सरळ करणार आहे. वाशीमची बस लागली. ती म्हणाली, “ताई, वास बिघडला तर कळवा. कनेरगावात बसून सांगते.” मी म्हटलं, “न्हाई बिघडत.” ती हसली आणि पिशवी घेऊन चढली.

बस भरलेली होती. मला वाटलं होतं तिला उभ्यानं जावं लागणार. पण ती आत शिरली न शिरली तोच खिडकीशी बसलेल्या एका अनोळखी बाईनं अंग चोरलं आणि तिला जागा करून दिली. चंद्रकला टेकली, त्या बाईच्या मांडीवरच्या पिशवीकडे वाकून तिनं हुंगलं आणि काहीतरी म्हणाली. बाई आधी दचकली, मग खळखळून हसली आणि पिशवीचं तोंड उघडून तिला आत काय आहे ते दाखवायला लागली. चंद्रकलानं माझ्याकडे बघून हात केला, पण अर्धाच, कारण ती परत त्या बाईकडे वळली होती. बस निघाली. कनेरगाव नाक्यापर्यंत ती त्या बाईच्या शेजारी बसणार होती, तिला हैदराबादच्या सेठच्या गोष्टी सांगणार होती. आणि मी हिंगोलीच्या स्टँडवर, वसमतच्या गाडीची वाट बघत, त्या बाईवर जळत उभी होते.